कोयता, सातबारा आणि सोयरीक

काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारी भरतो. श्रीगोंदा तालुक्यातलं हे गाव नगर-दौंड रस्त्यावर, दौंड-मनमाड लोहमार्गालगत आहे. भीमा ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. त्यामुळे बाजाराला श्रीगोंदा-कर्जतची माणसं येतात तशी दौंड आणि शिरूरकडचीही येतात. गाई, म्हशी, बैल, शेळ्या-मेंढ्यांचे सौदे सकाळपासून चालतात. सौदा झाला, पावती फाटली की माणसं चहाच्या टपरीवर टेकतात आणि बोलणं जनावरांवरून घरांवर येतं. कुणाची पोरगी बारावी झाली, कुणाचा पोरगा रांजणगावच्या कंपनीत लागला, कुणाच्या घरी खातेफोड झाली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं. यातली प्रत्येक बातमी स्थळ बघणाऱ्याच्या कामाची असते.

जी. विल्यम स्किनर हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९४९-५० मध्ये चीनच्या सेचवान प्रांतात एका बाजारगावी राहिले होते. शेतकऱ्याचं खरं जग त्याच्या गावापुरतं असतं हा अभ्यासकांचा जुना समज त्यांनी मोडून काढला. त्यांचं म्हणणं असं की शेतकऱ्याचं जग म्हणजे तो ज्या बाजाराला जातो त्या बाजाराला येणारी सगळी गावं. चहाच्या दुकानात भेटणारे मध्यस्थ याच टापूतली स्थळं जुळवत आणि सुना बहुधा याच टापूतून येत. १९६४ मध्ये त्यांनी हे मांडलं, तेव्हा त्यांच्यासमोर सेचवान होतं. पण काष्टीच्या आसपासच्या एखाद्या घरात बसून आजीचं माहेर, आईचं माहेर, थोरल्या सुनेचं माहेर विचारत गेलात आणि ती गावं नकाशावर मांडलीत, तर त्यांचं म्हणणं पटायला फार वेळ लागत नाही. आजीचं माहेर बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेवर असतं, आईचं एसटीच्या वाटेवर. नातसुनेचं मात्र कधी बुलढाण्यात, कधी यवतमाळात निघतं. हे अंतर एवढं का वाढलं, याचं उत्तर नुसतं रस्ते सुधारले म्हणून असं नाही. ते पुढे येईलच.

बाजार सगळ्यांना एका जागी आणतो, पण लग्न लगेच त्यांना वेगळं करतं. एकाच टपरीवर मराठा, माळी, धनगर, वंजारी, महार, मांग, रामोशी बसलेले असतील; प्रत्येकाच्या सोयरिकीचा नकाशा निराळा. आणि एका जातीच्या आतही कोणाशी लग्न जुळतं आणि कोणाशी नाही, याचे नियम घट्ट विणलेले आहेत. त्यांची सर्वांत चांगली मांडणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वे यांनी केली. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा त्यांचा ग्रंथ १९५३ साली आला. उत्तर भारतात मुलगी शक्यतो परक्या गावात, अनोळखी घरात द्यायची असते. दक्षिणेत ती ओळखीच्या, बहुधा नात्यातल्या घरातच जाते. मामाच्या मुलाशी, आत्याच्या मुलाशी, काही जातींत खुद्द मामाशीही तिचं लग्न होतं. महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये येतो. आपल्याकडे मुलानं मामाची मुलगी केली तर ती सर्वांत सोयीची सोयरीक समजतात, पण आत्याची मुलगी बहुतेक जातींत चालत नाही.

बाहेरच्या माणसाला हा भेद विचित्र वाटतो, कारण रक्ताचं अंतर दोन्हीकडे सारखंच आहे. मग फरक कुठून आला? तो मानाचा आहे. मुलगी देणारं घर खाली बसतं, घेणारं वर. बापानं आपली बहीण ज्या घरात दिली, त्या घरापुढे तो एकदा वाकला. आता त्याच घराची मुलगी सून करून आणली तर वरचं घर खाली येईल. मामाची मुलगी आणताना मात्र मानाची दिशा तीच राहते. एका घराकडून दुसऱ्या घराकडे पिढ्यानपिढ्या मुली जात राहतात.

या नियमाची बाईच्या बाजूनं एक निराळीच कथा आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. परक्या घरात आलेल्या बाईला पहिली वीस वर्षं स्वतःचं म्हणावं असं कुणी नसतं. मुलगा मोठा झाला की भावाची मुलगी मागून घेणं हा तिच्या हातातला एकमेव मोठा निर्णय असतो. भाची सून झाली की त्या घरात तिच्या माहेरचं माणूस येतं. सुनेलाही सासू म्हणजे आत्याच असते. म्हणूनच १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं भावाबहिणीच्या मुलांमधलं लग्न निषिद्ध नात्यात घातलं, तरी जिथे तशी रूढी आहे तिथे ते वैध मानलं. दिल्लीत कायदा करणाऱ्यांना दख्खनची ही वीण उसवता आली नाही.

शिवाय देवक आहे. कुणाचं कळंब, कुणाचं पानकणीस, कुणाचं मोराचं पीस. लग्नाच्या मांडवात देवक बसवल्याशिवाय पुढचा विधी होत नाही आणि दोन्ही घरांचं देवक एकच निघालं तर बोलणी तिथेच थांबतात, कारण एका देवकाचे लोक भाऊबंद ठरतात. भावकी आणि सोयरे या दोन कप्प्यांत माणसाची सगळी नाती बसवलेली असतात. भावकीशी जमिनीचा वाद होतो, सोयऱ्यांशी मानपानाचा. अडचणीत पैसे बहुधा सोयऱ्यांकडून येतात, मयताला खांदा मात्र भावकीचा लागतो.

इथवरचे नियम कोणाशी लग्न करायचं एवढंच सांगतात. लग्न कधी होणार, होणार की नाही, आणि झालं तर कोणत्या किमतीवर, हे ठरवणारी गणितं वेगळी आहेत. त्यातलं पहिलं गणित आपल्याच एका माणसानं फार पूर्वी मांडून ठेवलं आहे.

मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जात म्हणजे जातीतच लग्न करण्याची सक्ती, हा त्याचा गाभा. पण त्याच्या पुढची पायरी लोक वाचत नाहीत. आंबेडकर म्हणतात, एखाद्या गटानं स्वतःला असं बंद करून घेतलं की त्याला लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या आतल्या आत जुळवावी लागते. नवरा मेला की एक बाई जास्त होते, बायको मेली की एक पुरुष जास्त होतो. जास्त झालेल्या बाईनं दुसऱ्या कुणाचा नवरा अडवू नये म्हणून तिला सती जायला लावतात किंवा सक्तीचं वैधव्य देतात. जास्त झालेल्या पुरुषाला जाळता येत नाही, त्याची गटाला गरज असते. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: एक तर ब्रह्मचर्य, नाही तर अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून बायको आणणं. बालविवाहाचं मूळ त्यांनी धर्मग्रंथांत शोधलं नाही, या संख्येच्या गणितात शोधलं.

आता नगर जिल्ह्याचे आकडे पाहा. जिल्ह्याचं नाव आज अहिल्यानगर आहे, पण हे आकडे जुन्या नावाखालचे. जन्माला येताना मुलगे निसर्गतःच थोडे जास्त असतात. हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली हे स्वाभाविक प्रमाण. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८८४ मुली होत्या. २०११ मध्ये ८५२. शेजारच्या बीड जिल्ह्यात हाच आकडा दहा वर्षांत ८९४ वरून ८०७ वर आला, राज्यात सर्वांत खाली. गर्भलिंगनिदान रोखण्याचा कायदा महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला होता. त्यानंतरच्या पिढीत हे घडलं. २००१ साली मोजलेले मुलगे आज तिशीच्या आसपास आहेत आणि गावोगाव पारावर बसलेली बिनलग्नाची पोरं तीच आहेत. २०११ साली मोजलेले अजून लग्नाच्या वयात यायचे आहेत. त्यांच्यात दर हजारी शंभराच्या आसपास मुली कमी आहेत.

तुटवडा सगळ्यांवर सारखा पडत नाही. मुलगी शक्यतो आपल्याहून बऱ्या घरी द्यायची, हा आपला सार्वत्रिक रिवाज. मुली कमी झाल्या की रांगेच्या शेवटी असलेल्यांना काहीच उरत नाही. रांगेच्या पुढे कोण उभं आहे, हेही बदललं. चाळीस वर्षांपूर्वी घोडच्या कालव्याखाली दहा एकर बागायत असलेलं घर म्हणजे स्थळांची रीघ. आज मुलीचा बाप पहिला प्रश्न विचारतो तो नोकरीचा, आणि मुलगी विचारते तो पुण्यात फ्लॅट आहे का, हा. शेती असावी, पण पोरीला शेतात जावं लागू नये, अशी अट शेतकरीच आपल्या मुलीसाठी घालतो. यात त्याला दोष देता येत नाही. आपल्या बायकोचं आणि आईचं आयुष्य त्यानं पाहिलेलं असतं. पहाटे धारा काढणं, शेण, चारा, खुरपण, स्वयंपाक, आणि तरी सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर मुलींनी आणि त्यांच्या आयांनी शेतातल्या बाईच्या वाट्याला आलेलं जिणं नाकारलेलं असतं.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात ज्योती क्रांती परिषदेनं काढलेला मोर्चा आठवत असेल. डोक्याला बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, वाजंत्री लावून बिनलग्नाची पोरं जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली. बातम्यांत त्याची करमणूक झाली. मला ती चेष्टा आवडली नाही. त्यांची मुख्य मागणी गर्भलिंगनिदानाच्या कायद्याची कडक अंमलबजावणी व्हावी ही होती, आणि ती अगदी नेमकी होती. तिशी-पस्तिशीतला एकटा माणूस गावात निम्माच माणूस धरला जातो. पूजेला तो बसू शकत नाही, वाटणीत त्याचं ऐकत नाहीत, आजारी आईबापांचं करायला घरात दुसरं कुणी नसतं. मग दुसऱ्या जिल्ह्यातून, जातीचा आग्रह थोडा सैल करून, मुलीकडचा खर्चही स्वतः करून लग्न होतं. मधले दलाल पैसे घेतात, फसवणुकीचे गुन्हे दाखल होतात. नातसुनेचं माहेर यवतमाळात निघतं ते याच वाटेनं. जातीची भिंत विचारांनी जितकी हलली नाही तितकी ती या टंचाईनं हलते आहे.

आंबेडकरांनी सांगितलेल्या दोन वाटांपैकी बिनलग्नाचं राहणं ही पहिली. दुसरी वाट पाहायला काष्टीतून फार लांब जावं लागत नाही. दिवाळीनंतर उसाच्या फडाकडे जायचं.

घोड आणि कुकडीच्या कालव्यांनी श्रीगोंद्याचा बराच भाग ओलिताखाली आणला आणि तालुक्यात साखर कारखाने उभे राहिले. ऊस तोडायला माणसं लागतात. ती पाथर्डी-शेवगावकडून आणि बीडच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या कोरड्या तालुक्यांतून येतात. एकाच जिल्ह्यात पाणी एका टोकाला आणि कोरडं दुसऱ्या टोकाला, अशी ही रचना आहे. राज्यभरात तोडणीला जाणाऱ्यांचे अंदाज दहा-बारा लाखांच्या घरात जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. या मधल्या काळात घर म्हणजे फडाकडेची कोपी.

या धंद्यात मजूर मोजण्याचं एकक माणूस नाही, जोडपं आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता. मुकादम पावसाळ्यात गावोगाव फिरून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटतो, ती कोयत्याच्या हिशेबानं. पूर्ण कोयत्याला उचल भरपूर, अर्ध्याला तुटपुंजी, किंवा नाहीच. याला कामाचीच एक बाजू आहे. पुरुष ऊस बुडातून तोडतो. बाई पाचट काढते, वाढं छाटते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. रात्री उशिरापर्यंत ट्रक भरायचा, पहाटे पुन्हा फडात. जोडीनं दिवसाला दोन टनांच्या आसपास माल निघाला पाहिजे. कुणी एक दिवस आजारी पडला तर खाडा धरून पैसे कापतात. हंगाम संपल्यावर हिशेबाची पट्टी होते आणि उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या हंगामावर जाते.

आता कोरडवाहू गावातल्या एका बापाच्या जागी उभे राहा. मुलगा अठरा-एकोणीसचा झाला. तो एकटा गेला तर अर्धा कोयता. त्याचं लग्न केलं तर त्याच दिवशी घरात एक पूर्ण कोयता तयार होतो आणि लग्नाचा खर्चही त्याच उचलीतून भागतो. समोरच्या घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे. आईबाप सहा महिने बाहेर, आठवी-दहावीपुढची शाळा लांब, वसतिगृह नाही. म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर वयात आलेली पोर ठेवायची कशी, ही भीती त्यांना रात्रंदिवस खाते. बरोबर न्यावी तर कोपीला दार नाही. लग्न करून टाकलं की जबाबदारी नवऱ्यावर. दोन्ही घरांचे प्रश्न एका लग्नानं सुटतात आणि त्याची किंमत ती पंधरा वर्षांची मुलगी मोजते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याचा आकडा २१.९ होता. जिथे मुली सर्वांत कमी जन्मल्या, तिथेच त्यांची लग्नं एवढी लवकर होतात. आंबेडकरांच्या गणितात हे दोन आकडे एकाच ओळीत बसतात, आणि कोयत्यानं त्या ओळीला आणखी जोर दिला आहे.

पुढचं आणखी वाईट आहे. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, सातव्या महिन्यापर्यंत डोक्यावर मोळ्या, फडात संडास नाही की पाणी नाही, आणि मासिक पाळीचे दिवस म्हणजे खाड्याची भीती. २०१९ साली बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहा जणींमागे एक. विशी-पंचविशीत असं ऑपरेशन झालेल्या बायकाही त्यात होत्या. साखरेचा प्रत्येक दाणा खाणाऱ्या आपल्या सगळ्यांचा या आकड्याशी संबंध आहे, असं मी मानतो.

बालविवाह प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे, त्याआधी १९२९ चा शारदा कायदा होता. खेड्यात ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमलं आहे. पण ग्रामसेवकाला त्याच गावात राहायचं असतं आणि लग्न दुसऱ्याच गावात, शेतात, रात्रीतून लागतं. नुसत्या पोलिसी बडग्यानं हे थांबत नाही, कारण लग्नाची तारीख उचलीच्या तारखेला बांधलेली आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, हे चांगलंच झालं. पण वाढीव दरही कोयत्याच्याच हिशेबात गेला. बाईच्या कामाची वेगळी नोंद नाही, तिच्या नावावर वेगळी मजुरी नाही. उचल घेतो नवरा, अंगठा त्याचा, कर्ज दोघांचं. मजुराची नोंद माणूसनिहाय झाली आणि अर्ध्या कोयत्याला अर्धी उचल सन्मानानं मिळाली, तर पुष्कळ मुलींची लग्नं दोन-चार वर्षं पुढे जातील. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, संत भगवानबाबा यांच्या नावानं मुलामुलींच्या वसतिगृहांची योजना आहे. वसतिगृहातली एक खाट एका मुलीचं लग्न पुढे ढकलते. एवढं थेट गणित दुसऱ्या फार थोड्या सरकारी योजनांत असेल.

तर फडाच्या बांधावर हे दोन संसार समोरासमोर येतात. बांधाच्या अलीकडे बागायतदाराचा पस्तिशीचा मुलगा, बायको मिळत नाही म्हणून झुरणारा. पलीकडे सतरा वर्षांची आई, पोर झोळीत टाकून मोळी बांधणारी. दोघांनाही वाटतं, हे आपल्या नशिबात होतं.

कुटुंबाविषयी बोलताना आपण आणखी एका समजुतीला चिकटून आहोत: पूर्वी सगळी घरं एकत्र होती, आता सुना आल्या आणि घरं फुटली. पुणे-नगर रस्त्यावरच्या लोणीकंदनं या समजुतीला चांगलं उत्तर दिलं आहे. पेशवाई संपल्यावर लगेच, १८१९ मध्ये, थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरनं त्या गावाची बारकाईनं पाहणी केली होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी तेच गाव पुन्हा अभ्यासलं आणि पुढे मानववंशशास्त्रज्ञ पॉलीन कोलेंडा यांनी या वेगवेगळ्या काळांतल्या घरांची तुलना केली. एकत्र कुटुंबांचा ऱ्हास झाल्याचं चित्र काही त्यांना दिसलं नाही. जुन्या काळी माणसं लवकर मरत. बाप-आजोबा-नातू एका छपराखाली नांदायला तिघंही जिवंत असावे लागतात. घरं तेव्हाही फुटत होती, आजही फुटतात, आणि चूल वेगळी झाली म्हणजे घर मोडलं असंही नसतं. चार चुली झाल्या तरी विहीर एक असते, कालव्याच्या पाण्याची पाळी एक असते, ट्रॅक्टरचा हप्ता एकत्र भरला जातो. बायकांच्या भांडणामुळे वाटणी झाली असं सांगितलं जातं, पण कागद काढले की बहुधा जमिनीला आलेला भाव समोर येतो.

जमिनीचा हा प्रश्न सर्वांत जास्त कुणाला चटका देतो, तर बहिणीला. महाराष्ट्रानं १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ मध्ये देशभर हा हक्क लागू झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मापासूनचा आहे, वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, असा निकाल दिला. कायदा एवढा स्पष्ट आहे. तरी वडील गेले, तलाठ्याकडे वारसनोंद झाली की पुढच्याच काही महिन्यांत बहिणींना निरोप जातो: हक्कसोडला या.

त्या येतात आणि सही करतात. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्याही करतात. त्यांना कायदा कळत नाही असं नाही. त्यांना माहेर हवं असतं. भाऊबीज, पहिलं बाळंतपण, पोराच्या जावळाला मामाची मांडी, लेकीच्या लग्नात मामाचा आहेर, आणि नवऱ्यानं टाकलं किंवा तो गेला तर परत यायला एक दार. जमीन मागितली तर हे दार बंद होईल, हे तिला उघडपणे कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. जिला आयुष्यभर कुठल्याच घरात हक्कानं जागा नव्हती, ती आपला एकमेव कायदेशीर हक्क देऊन नात्यातली जागा राखते. याला प्रेम म्हणण्याआधी एवढं तरी विचारावं, की हे प्रेम सिद्ध करायची पाळी भावावर का येत नाही?

तुझा वाटा लग्नात दिला, हे भावांचं ठरलेलं उत्तर. एस्टर बोसरप या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७० मध्ये एक गोष्ट दाखवून दिली होती: जिथे शेतीत बाईच्या श्रमाला मोल असतं तिथे मुलीच्या बापाला पैसे मिळतात, आणि जिथे तिच्या श्रमाची गरज कमी मानली जाते तिथे त्यालाच द्यावे लागतात. आपल्याकडेही अनेक कष्टकरी जातींत पूर्वी मुलाकडून देज घेत. पाणी आलं, नोकऱ्या आल्या, बाई घरात बसणं प्रतिष्ठेचं झालं आणि देज जाऊन हुंडा आला. १९६१ पासून तो बेकायदा आहे. हुंडा नवऱ्याकडे जातो, बस्ता कापडदुकानात, उरलेला पैसा मंडप, आचारी आणि डीजेवर. यातलं मुलीच्या हाती अंगावरच्या दागिन्यांपलीकडे काही येत नाही, आणि दागिने पहिल्या अडचणीला गहाण पडतात. जमीन मात्र जागच्या जागी राहते आणि दरवर्षी तिचा भाव वाढतो. महामार्गालगतच्या एका एकराची आजची किंमत आणि वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचा खर्च समोरासमोर मांडला, तर वाटा दिला हे म्हणणं टिकत नाही.

याच मातीत एक वेगळा प्रयत्न झाला होता. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. नवऱ्यानं आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीनं बायकोच्या नावे करायचा. गावातल्या शंभर घरांनी तसं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त आणि तिथे जोशी स्वतः जाणार. बायकोचं ऋण फेडा, असं ते पुरुषांना सांगत. कोणत्याही कोर्टाचा हुकूम नसताना शेकडो गावांतल्या पुरुषांनी कागद केले. पुढे सरकारनं सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. ज्या पोरांना आज मुली मिळत नाहीत, त्यांच्या बापांनी सातबाऱ्यावर सुनेचं नाव लावायची तयारी दाखवली, तर शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुलीशी निदान बोलायला एक विषय मिळेल.

हक्कसोडलाही पर्याय आहे आणि त्याला भांडण लागत नाही. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. बहीण दुय्यम निबंधकाकडे गेलीच नाही, तर वारसनोंदीनं लागलेलं तिचं नाव तसंच राहतं. जमीन भाऊच कसतो, पाण्याची पाळी तोच धरतो, आणि बहिणीच्या वाट्याचा खंड ठरवून लिहून ठेवतात. तो वर्षातून एकदा, भाऊबिजेच्या ओवाळणीत न मिसळता, तिच्या बँकखात्यावर जमा होतो.